तीस लिटरचं पिंप

अप्पांना दुसऱ्यांदा हॉस्पिटलात न्यावं लागलं त्याचं कारण जैवइंधन, आणि जैवइंधनाचं कारण मी. हे कुणी विचारायच्या आत मीच सांगून टाकते, कारण आमच्या इमारतीत ते सगळ्यांना माहीत आहे आणि प्रत्येकाकडे त्याची वेगळी आवृत्ती आहे. निम्म्या आवृत्त्यांमध्ये पिंपाला आग लागते. तसं काही झालं नव्हतं.

अप्पा म्हणजे माझे सासरे. माझं माहेर सांगलीचं आणि सासर तंजावरी मराठी. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले हे लोक घरात जे मराठी बोलतात, ते ऐकून लग्नानंतर पहिले सहा महिने मी नुसती हसऱ्या चेहऱ्याने मान हलवत होते. (त्या काळात मी कशाकशाला होकार दिला ते अजून एकेक करून कळतंय.) अप्पांनी चौतीस वर्षं जॉर्ज टाउनमधल्या एका कचेरीत बंदरावर उतरणाऱ्या मालाचे कागद केले. निवृत्त झाल्यापासून त्यांचे दोन उद्योग होते: संध्याकाळी तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गल्लीतून मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर चालायला जाणं, आणि सकाळी सासूबाई काय तळतायत ते बघणं.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या एका नळीत जाळी बसवली आणि डॉक्टरांनी सांगितलं, तळलेलं बंद. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. नियम म्हटला की माझ्या अंगात येतं. त्याच दिवशी मी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचा झारा काढला, कढईत घातला आणि दोन्ही माळ्यावर टाकलं. खिळा तेवढा भिंतीत राहिला. अप्पा जेवताना अधूनमधून त्याच्याकडे बघायचे.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तळायचं नक्को तर नक्को. माणूस असला म्हणजे पुरे."

त्यानंतर दुपारी अप्पा झोपले की त्या काहीतरी निमित्त काढून खोलीत जायच्या आणि त्यांचं पोट वरखाली होतंय ना हे बघून परत यायच्या. मी हे पाहिलं होतं. लक्षात मात्र ठेवलं नाही, कारण तेवढ्यात शाळेने मला पर्यावरणाच्या शिबिराला पाठवलं.

शिबिरात एका तरुण माणसाने सोनेरी पाण्यासारखं काहीतरी भरलेली बाटली उंच धरली आणि म्हणाला, हे गेल्या आठवड्यापर्यंत बज्जीचं, म्हणजे भज्यांचं, तेल होतं. त्याने पुढे जे सांगितलं ते खरंच होतं, आणि मी ते आजही मानते. तेच तेच तेल पुन्हा तापवून खाल्लं की शरीराचा नाश, मोरीत ओतलं की गटाराचा नाश. त्याचं बायोडिझेल केलं तर धूर कमी, आणि मुख्य म्हणजे इंधनासाठी कुणाचं शेत अडवायला नको, कुणाच्या ताटातलं काढून घ्यायला नको. बसने घरी येताना मला बज्जीच्या प्रत्येक गाडीवर तेलविहीर दिसायला लागली.

आठवड्याभरात सेल्वम आला. वापरलेलं तेल गोळा करून कारखान्यात पोचवणं हे त्याचं काम. त्याने जिन्याखाली एक निळं पिंप ठेवलं, त्यावर काळ्या मार्करने एक रेघ मारली आणि तमिळमध्ये म्हणाला, "टीचर, रेघेपर्यंत म्हणजे तीस लिटर. तेवढं झालं की फोन करा. त्याखाली गाडी येणार नाही."

"दहा लिटर असलं तर?"

"दहा लिटरसाठी आलो तर वाचवण्यापेक्षा जाळणंच जास्त होईल, टीचर."

या वाक्यावर मी घरी जाऊन शांतपणे विचार करायला हवा होता. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आमच्या इमारतीत सोळा घरं. पहिल्या महिन्यात पिंपात जमलं चार लिटर, आणि त्यातही थोडं रसम होतं. मग मी वर्गात करते तेच केलं. जिन्यापाशी पाटी लावली, त्यावर सोळाही घरांचे नंबर लिहिले आणि प्रत्येकापुढे त्यांनी दिलेलं तेल. पोरांची नावं फळ्यावर लिहिली की गृहपाठ येतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरापुढे शून्य होतं, ते मी स्वतःच्या हाताने सुबक काढलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या विशालाक्षी मामींनी मला जिन्यातच गाठलं. "पिंप तुमचं, पाटी तुमची, आणि तुमच्याच घरापुढे शून्य?"

मामींच्या बोलण्यात तसं विष नव्हतं. पण माझ्या मागे अप्पा उभे होते, चालायचे बूट घालून. त्या दिवशी ते मरीनावर गेले नाहीत. शिबिरातून मी आणलेली पुस्तिका त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि जेवताना विषय काढला.

"नीला, तें शून्य पुसतां येत नाहीं कां?"

"अप्पा, शून्य ही माहिती आहे. ती पुसता येत नाही."

"चौतीस वर्षांत माझ्या एका कागदावर शून्य गेलेलं नाहीं."

"आपल्याकडे तळत नाही म्हणून शून्य आहे. शून्य म्हणजे तुमची तब्येत चांगली आहे."

"तें पाटीवर लिवलेलं नाहीं नं," अप्पा म्हणाले.

"जेवा उगी," सासूबाई म्हणाल्या. माझे यजमान रघुनाथ श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनं तपासतात. इंधनावर घरात बोलायचा खरा हक्क त्यांचा, पण ते कंपनीच्या बसमधून इतके दमून उतरतात की त्या रात्री त्यांनी फक्त ताक वाढून घेतलं.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथेच सांगते, नाहीतर तुमचाही माझ्यासारखा गोंधळ उडेल. अप्पांना पहिल्यांदा हॉस्पिटलात नेलं तेव्हा सासूबाईंनी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मारुतीला नवस बोलला होता: यांचं हृदय नीट चालूं दे, अकरा शनिवार वडैमाळ घालीन. इकडे मारुतीला मिरे घातलेल्या लहान लहान वड्यांची माळ घालतात, एकशे आठ वड्यांची. नवस बोलून झाला आणि घरी येऊन बघतात तर कढई माळ्यावर. त्या गप्प राहिल्या. आता पाटीवरचं शून्य बघून आल्यावर अप्पांनीच त्यांना आठवण केली.

"मारुतीचं राहिलंय नं तुझं? देवाचं देवाला, तेल नीलाच्या पिंपाला. वायां काय जातंय?"

शनिवारी सकाळी दहावीच्या जादा तासासाठी मी शाळेत असते. कढई खाली उतरली. आणि आमच्याकडचं सोवळं असं की एकदा तळलेलं तेल दुसऱ्या दिवशी तळणाला चालत नाही, कढईभर तेल सरळ काढून टाकायचं. या उधळपट्टीवर मी वीस वर्षं टीका केली होती. शिबिरानंतर मीच घरी येऊन सांगितलं की तळलेलं तेल पुन्हा वापरू नये. सासूबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "माझ्या सासूबाई हेंच म्हणायच्या. त्यांना शिबिराला कुणी नेलं नाहीं." तर असं हे कढईभर तेल दर शनिवारी पिंपात जायला लागलं.

राहिला प्रश्न वड्यांचा. माळ देवाला घातली की पुजारी ती तोडून निम्मी परत देतो. तो प्रसाद. प्रसादाला नाही म्हणत नाहीत. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं, प्रसाद बंद केला नव्हता. दुसऱ्या कुणाला हा फरक सुचला नसता, पण अप्पांचा जन्म बंदरावरच्या कागदांत गेला होता, आणि नाव बदललं की माल वेगळ्या रकान्यात जातो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाटीवर आमच्यापुढे अप्पांच्या अक्षरात दोन आलं, मग साडेचार. मामींच्या घराचा आकडा तरीही पुढे राहिला, तेव्हा अप्पांना देवीची आठवण झाली आणि शुक्रवारी कडबोळी सुरू झाली.

आणि मी काय करत होते? एका सोमवारी सकाळी डबा भरताना मला खिळ्यावर झारा दिसला. घासून लख्ख केलेला. माळ्यावरून झारा आपण होऊन उतरत नाही, एवढं रसायनशास्त्र न शिकताही कळतं. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर अचानक बरोबर आलं की मी लगेच विचारते, हे कुठून आणलंस? घरी मी विचारलं नाही. कशाला तरी लागला असेल, असं मनाशी म्हटलं आणि जिना उतरताना पाटी बघितली. आमचं घर दुसरं होतं. मला बरं वाटलं. पिंप भरत होतं म्हणून मी विचारलं नाही, याला दुसरं काही कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

एव्हाना सगळी इमारत तळत होती. जिन्यात पाय ठेवला की कुठल्या मजल्यावर काय चाललंय ते वासावरून सांगता यायचं. वॉचमनच्या शर्टाची खालची दोन बटणं लागेनाशी झाली. तळमजल्यावर चार अविवाहित मुलं राहतात, त्यांनी आजवर गॅस फक्त चहासाठी पेटवलेला. तेही पाम तेलाच्या पिशव्या घेऊन आले. मी सगळ्यांना जिन्यात थांबवून धन्यवाद देत होते.

रेघ जवळ आली तेव्हा मी सेल्वमला शनिवारी बोलावलं. शाळेतून रजा काढली, पण घरी सांगायचं राहिलं. सकाळी नेहमीसारखी पर्स घेऊन निघाले आणि खाली जिन्यापाशीच पिंप पुसत उभी राहिले. त्यामुळे मी शाळेत गेले असं समजून वर वडे सुरू झाले, आणि वर वडे सुरू आहेत हे मला खाली कळलं नाही. वास आला होता. मला वाटलं, मामी.

सेल्वमने गाडी गल्लीत आडवी लावली. आमची गल्ली अशी की तिथे एक गाडी उभी राहिली की दुसरीने परत जायचं. त्याने पिंपात पट्टी घालून पाहिली. "अठ्ठावीस, टीचर."

"हे दोन लिटर आहे ना." मी तळमजल्यावरच्या मुलांचा डबा पुढे केला.

सेल्वमने झाकण काढलं, वास घेतला, दोन बोटांत तेल चोळलं. "टीचर, या तेलाने कढई पाहिलेलीच नाही."

चौघांतला एक मुलगा दारातून म्हणाला, "एक अप्पळम तळला होता त्यात." अप्पळम म्हणजे पापड. चार माणसांत एक.

"आम्ही फक्त वापरलेलं तेल घेतो," सेल्वम म्हणाला. "नवंच तेल जाळायचं तर मग माझी काय गरज?"

मी त्याच्याशी वाद घातला, हे मला कबूल केलं पाहिजे. इतके महिने, इतकी घरं, दोन लिटरसाठी कसा अडून बसतोस, पुढच्या वेळी भरून काढू. माझा आवाज वर्गातल्यासारखा वर चढला आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. तिथे अप्पा कठड्याशी उभे होते.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. अप्पा तीन मजले उतरून आले. त्यांच्या हातात कडीचा मोठा स्टीलचा डबा होता, कडीला पंचा गुंडाळलेला, कारण तेल अजून गरम होतं. ते माझ्याकडे न बघता पिंपाशी गेले, डबा रिकामा केला आणि सेल्वमला म्हणाले, "बघ आतां."

सेल्वमने पट्टी घातली. "तीस, सर."

"लिहून ठेव," अप्पा मला म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. कपाळावर घाम होता. मी म्हटलं, उन्हाचा असेल. मग त्यांनी डावा हात छातीवर ठेवला आणि तो तिथून काढला नाही.

मी रिक्षासाठी ओरडले. रिक्षा आली, पण गल्लीच्या तोंडाशीच अडली, कारण मध्ये सेल्वमची गाडी. शेवटी सेल्वमनेच अप्पांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. सासूबाई धावत खाली आल्या. त्या वडे ओवत होत्या, त्यामुळे दोरा, सुई आणि साठसत्तर वड्यांची अर्धी माळ हातातच होती. ती ठेवायचं त्यांना सुचलं नाही आणि सांगायचं मला. त्या अप्पांच्या शेजारी बसल्या. मी मागे रिकाम्या पिंपांमध्ये, जाळीला धरून.

वाटेत अप्पांनी सेल्वमला विचारलं, "ही गाडी आमच्या तेलावर चालते कां?"

"नाही सर. साधं डिझेल."

"मग आमचं तेल?"

"जुनी गाडी आहे सर, निव्वळ तेच घातलं तर रबराच्या नळ्या सुजतात. कारखान्यात थोडं थोडं मिसळतात."

अप्पांनी डोळे मिटले. मी जाळीतून ओरडले, "अप्पा!"

"आहें," ते म्हणाले. "विचार करतोंय."

हॉस्पिटलात त्यांना लगेच आत घेतलं. डॉक्टर तेच होते, गेल्या वर्षीचे. त्यांनी विचारलं, काय खाण्यात आलं होतं? मी म्हणाले, काही नाही डॉक्टर, आमच्याकडे वर्षभर तळण बंद आहे. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंच्या हातातल्या माळेकडे, आणि आत गेले.

आम्ही दोघी बाकावर बसलो. मध्ये माळ. मग सासूबाईंनी मला नवसाचं सांगितलं, शुक्रवारच्या कडबोळ्यांचं सांगितलं, प्रसादाचं सांगितलं. मी विचारलं, "आई, नवस नक्की कशासाठी होता?"

"त्यांच्या हृदयासाठीं," त्या म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं. "मला दिसत होतं हो. दर शनिवारीं एकाचे दोन, दोनाचे पांच वडे होत होते. म्हटलं तर म्हणायचे, देवाचं आहे, आणि नीलाचं पिंप आहे. दोन्हीकडून मला बोलतां येईना."

"मग मला सांगायचं."

"झारा खिळ्यावर लावला होता मीं," सासूबाई म्हणाल्या. "वापरून झाला कीं लपवीत होतें आधीं. मग घासून मुद्दाम लावला. तुला दिसेल, तूं विचारशील, थांबवशील म्हटलं. शाळेंत पोरांना अस्कं विचारतेस, बारीकसारीकसुद्धां."

मी त्या बाकावर बसून खरोखर रडले, आणि रडताना माझ्या साडीला मिऱ्याचा आणि तळणाचा वास येत होता. आत जे झोपलेत ते माझे सासरे, मला पहिल्या सहा महिन्यांत शब्दाशब्दाला मराठीचं मराठी करून सांगणारे, आणि मी त्यांना दोन लिटरसाठी तीन मजले उतरवलं होतं.

अप्पा वाचले. आणखी एक जाळी बसली. तिसऱ्या दिवशी ते उशीला टेकून बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "नेलं कां त्यानें?"

"नेलं, अप्पा. रसमाचा वास येतो म्हणून कारखान्यात नाक मुरडलं, पण घेतलं."

"आणि त्या पोरांचं पाम तेल?"

"ते नाही घेतलं."

"बरोबर केलं," अप्पा म्हणाले. "त्या तेलाचे कागद मीं केलेत. समुद्रापलीकडून टाकी भरून जहाज यायचं. तिकडे जंगलं तोडून तीं झाडं लावतात म्हणे, खलाशी सांगायचे. आतां तें तेल इतक्या लांबून आणायचं, त्यांत एक अप्पळम तळायचा, आणि पिंपांत ओतून म्हणायचं कीं आम्ही झाडं वाचवलीं." त्यांनी पाठीमागची उशी सरळ केली. "माझे वडे तरी कुणी खाल्ले होते."

शिबिरातल्या त्या बाटलीबद्दल मला अजूनही शंका नाही. तेल टाकायचंच असेल तर ते गटारात जाण्यापेक्षा गाडीत गेलेलं केव्हाही बरं. फक्त टाकाऊ गोष्टीला पाटीवर जागा मिळाली की लोक ती मुद्दाम तयार करायला लागतात, हे मला पुस्तिकेत मिळालं नाही. ते मी सोळा घरांवर प्रयोग करून शोधलं. पाटी मी त्याच आठवड्यात उतरवली आणि पिंपावरची रेघ रॉकेलने पुसली. आता सेल्वम जवळच्या हॉटेलांचं तेल न्यायला येतो तेव्हा जाता जाता आमच्याकडे डोकावतो आणि लिटरभर असलं तर लिटरभर नेतो. वॉचमनची बटणं पुन्हा लागतात. नवसाचे उरलेले शनिवार पुजाऱ्याला विचारून विड्याच्या पानांच्या माळेवर भागवले. मारुतीला तीही आवडते म्हणे.

शाळेला अहवाल द्यायचा होता. 'आलेल्या अडचणी' या रकान्यात मी लिहिलं, 'एका ज्येष्ठ नागरिकाचा अतिउत्साही सहभाग'. (ते ज्येष्ठ नागरिक मी नाही, हे स्पष्ट करण्याची संधी मला मिळाली नाही.) महिन्याभराने मला शिबिरवाल्यांकडून काचेच्या चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र आलं, पर्यावरणाच्या सेवेबद्दल. मी ते कपाटात तोंड खाली करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाईंनी ते झाऱ्याच्या खिळ्यावर टांगलं होतं. झारा पुन्हा माळ्यावर गेला होता.

अप्पा जेवताना अधूनमधून खिळ्याकडे बघतात, पूर्वीसारखेच. परवा मी धीर करून विचारलं, "काय बघता, अप्पा?"

"कांहीं नाहीं," ते म्हणाले. "झारा होता तेव्हां त्या खिळ्याचा उपयोग तरी होता."